तीस दिवसांचा कागद

ठाण्याच्या दहा नंबर फलाटावरून वाशीकडची गाडी सुटते, दिघा गाव मागे पडतं आणि ऐरोली येतं. आमच्या ओळखीतल्या मुलांच्या पहिल्याच शॉर्टफिल्ममध्ये प्रेम एवढ्याच अंतरात जमतं. तो जुन्या ठाण्यातला ईस्ट इंडियन ख्रिस्ती, ती ऐरोली गावातली आगरी. दोघं सज्ञान आहेत, कमावतात. पळून न जाता ते सरळ विवाह नोंदणी कार्यालयात नोटीस देतात आणि त्या नोटिशीनेच सगळं मोडतं. फिल्म संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "असा कागद खरंच लावतात?"

लावतात. धर्म न बदलता दोन धर्मांतल्या माणसांना नोंदणी पद्धतीने लग्न करता येतं ते विशेष विवाह कायद्यामुळे. तो आला १९५४ साली. त्याआधी १८७२चा कायदा होता, ब्राह्मो समाजाच्या मागणीतून झालेला. त्यात वधूवरांना आपण हिंदू नाही, ख्रिस्ती नाही, मुसलमान नाही, असं लिहून द्यावं लागे. १९२३च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत या कायद्याखाली लग्न करताना ही अट उरली नाही. ख्रिस्ती मुलगा आणि हिंदू मुलगी यांना मात्र ती मोकळीक १९५४मध्येच मिळाली. आपापल्या देवासकट लग्न करायचा हक्क आला, पण जुन्या कायद्यातली नोटीस सुटली नाही.

दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान तीस दिवस राहत असला पाहिजे. नोटीस वहीत चढते, ती वही कुणालाही फुकट पाहता येते, आणि एक प्रत कार्यालयात ठळक जागी लागते. हरकतीसाठी तीस दिवस. हरकतीची कारणंही कायद्याने ठरवून दिलेली आहेत: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, मनोविकारामुळे संमती देता न येणं, निषिद्ध नातं. घरच्यांना पसंत नसणं हे त्यात कुठेच नाही. म्हणून फिल्ममधला काका हरकत घेतच नाही. तो दुसऱ्याच कामासाठी आलेला असतो. फलकासमोर थांबतो, चष्मा कपाळावर सरकवून पुतणीचं नाव, वय, पत्ता वाचतो. संध्याकाळी ऐरोली स्टेशनच्या जिन्याखाली तो तिला एवढंच म्हणतो, "घरा चल गो बाय." आवाज चढवत नाही. मला संपूर्ण फिल्ममध्ये सगळ्यात जास्त भीती या वाक्याची वाटली.

मूळ हेतू वाईट नव्हता. एक लग्न लपवून कुणी दुसरं करू नये, म्हणून नावं आधी जाहीर करायची. मुलाच्या समाजाला तर ही रीत जुनीच, कारण कॅथलिक चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं वाचून दाखवायची परंपरा आहे. पण तिथे नावं ऐकणारे लग्नाला येणारे असतात. सरकारी फलकापुढे कोण उभा राहील ते कुणी सांगावं? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलं की सज्ञान जोडप्याला घराण्याची किंवा समाजाची संमती लागत नाही, आणि अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करावी. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ साली नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं. संसदेने केलेलं कलम मात्र तसंच आहे.

हे दोन समाज एकमेकांना परके नाहीत, म्हणून गोष्ट जास्त लागते. पोर्तुगीज अमलात साष्टी-ठाण्यात जे ख्रिस्ती झाले ते इथलेच लोक. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली घेतलं, बोली मराठीच राहिली. मुलाची आजी आणि मुलीची आई सुकटीबद्दल बोलतात, त्या प्रसंगात कोण कुणाच्या घरची हे नुसतं ऐकून कळत नाही. दिग्दर्शिकेने तो प्रसंग लांबू दिला, ते फार बरं केलं.

प्रेमाची शोकांतिका ठाण्याला नवी नाही. तलावपाळीच्या काठी ज्यांच्या नावाचं रंगायतन १९७८पासून उभं आहे, त्या राम गणेश गडकऱ्यांनी 'प्रेमसंन्यास'मध्ये बालविधवा लीलेचं प्रेम मांडलं. तिथे आड आली ती रूढी. 'सैराट'मध्ये २०१६ साली जात आली. पहिली फिल्म करणारे बरेचजण शेवट नशिबावर सोडतात, पाऊस पाडतात, अपघात घडवतात. मला ते पटत नाही. दोन माणसं कुणीतरी वेगळी केलेली असतात, आणि कुणी केली ते दाखवायला हवं. या मुलांनी दाखवलं, आणि तेही एकालाही न मारता.

नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर ती रद्द होते. शेवटी ऐरोली गावात मांडव पडलेला असतो, धवलारीण लग्नाची गाणी गात असते, मुलीच्या हातावर दुसऱ्याच नावाची मेंदी. तिकडे कार्यालयात शिपाई फलकावरचे जुने कागद काढत असतो. दोघांच्या नावाचा कागद निघतो, टाचणी तिथेच राहते. तो तीच टाचणी घेऊन नवा कागद लावतो.