इंजिन थंड, दाब कायम

गाडी रात्रभर उभी आहे, इंजिन गार पडलंय. मग एसीच्या कॉम्प्रेसरचे, म्हणजे गॅस दाबून पुढे ढकलणाऱ्या पंपाचे, नट सैल करायला काय हरकत? हरकत आहे. बहुतेक गाड्यांत भरलेला आर-134ए हा गॅस बंद नळ्यांमध्ये काही प्रमाणात द्रवरूपात असतो. तो द्रव थोडाही शिल्लक असेल, तर आतला दाब ठरतो केवळ तापमानावर. 30 अंश सेल्सिअसला तो हवेच्या दाबाच्या साडेसात पटींच्या आसपास असतो, मग गॅस पुरेपूर असो की निम्मा गळून गेलेला. (म्हणूनच बंद गाडीत दाब मोजणाऱ्या गेजचा काटा वर दिसला, की गॅस पुरेसा आहे असं समजणं चुकीचं.)

मोकळ्या हवेत हा द्रव उणे 26 अंशांनाच उकळतो. जोड सुटताच फवारा हातावर किंवा डोळ्यांत आला तर हिमदाह होतो. शिवाय शंभर वर्षांच्या हिशेबात हा गॅस कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तापमानवाढ घडवतो. तेव्हा चष्मा आणि हातमोजे घालायचेच, पण त्याआधी गॅस रिकव्हरी मशीनने काढून घ्यायचा. जवळ ज्योत नको. तिच्या संपर्कात त्यातून विषारी हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं.

कॉम्प्रेसर खोलल्यावर शाफ्ट सील, बेअरिंग, कॉम्प्रेसरच्याच क्लचमधली फट हे सगळं पाहावं लागतं. तेलात धातूचा बारीक चुरा दिसला, तर नुसते सील बदलून भागत नाही, तो चुरा पुढच्या नळ्यांतही गेलेला असतो. पण माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित शत्रू म्हणजे दमट हवा. या कॉम्प्रेसरमधलं वंगणाचं पॅग तेल (एक कृत्रिम तेल) हवेतली वाफ शोषून घेतं. ते पाणी आत राहिलं तर आम्ल तयार होऊन धातू खातं, आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हपाशी, म्हणजे द्रव जिथून बारीक वाटेने सुटून गार होतो तिथे, बर्फ होऊन वाटही अडवतं. म्हणून उघडी तोंडं लगेच बुचं लावून बंद करायची, ड्रायर (आतला ओलावा शोषणारा डबा) नवा घालायचा आणि गॅस भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप लावायचा. दाब वातावरणाच्या तिसाव्या हिश्शाच्याही खाली गेला, की 25 अंशांना पाणी उकळतं, आणि त्याची वाफ पंप ओढून घेतो. पंप बंद केल्यावर काटा हळूहळू चढू लागला, तर कुठेतरी गळती आहे किंवा पाणी अजून उरलंय.

विजेवरच्या गाडीत कॉम्प्रेसरला पट्टा नसतो, त्याच्याकडे नारिंगी केबल जाते. तिच्यात शेकडो व्होल्ट असतात. तिथे तेलही वेगळं लागतं, वीज वाहू न देणारं. तो कॉम्प्रेसर प्रशिक्षित माणसाकडेच सोपवा.