सैन्यातील आचारनीतीवरील देखरेख

सैनिक व अधिकारी यांच्या वर्तनावर, सचोटीवर आणि हाती असलेल्या अधिकाराच्या वापरावर ठेवली जाणारी देखरेख. भूसेनेत तिचा आधार सेना अधिनियम, १९५० हा आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३३ नुसार संसद सैनिकांच्या मूलभूत हक्कांना मर्यादा घालू शकते. त्यामुळे ही देखरेख न्याय्य असण्याची गरज नागरी सेवेपेक्षाही मोठी आहे.

नागपूरजवळ कन्हान नदीकाठी असलेल्या कामठी छावणीत सैनिकी कायद्याचे शिक्षण देणारी लष्कराची संस्था आहे. जज अ‍ॅडव्होकेट जनरल या लष्कराच्या कायदा विभागाचे, म्हणजे ‘जॅग’चे, अधिकारी तिथे तयार होतात. जनरल कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे वरच्या दर्जाच्या लष्करी न्यायालयात, किमान पाच अधिकारी निवाड्यास बसतात. जज अ‍ॅडव्होकेट कायदा समजावून सांगतो, पण त्याला मत नसते. वरिष्ठांना न रुचणारा सल्लाही त्याला द्यावा लागतो, आणि सारी व्यवस्था त्याच्या या निर्भीडपणावर बरीचशी टिकून आहे.

बहुतेक प्रकरणांची सुरुवात कोर्ट ऑफ इन्क्वायरीने, म्हणजे लष्करी प्राथमिक चौकशीने, होते. सेना नियम १८० प्रमाणे, चौकशीत ज्याच्या चारित्र्याला किंवा लष्करी लौकिकाला धक्का पोचू शकतो, त्याला चौकशीभर हजर राहण्याची, साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची आणि आपले साक्षीदार आणण्याची संधी द्यावीच लागते. ही संधी नाकारली म्हणून पुढची कारवाई न्यायालयात रद्द ठरल्याची उदाहरणे आहेत.

समरी कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे संक्षिप्त लष्करी न्यायालयात, मात्र कमान अधिकारी (तुकडीचा प्रमुख) एकटाच न्यायालय असतो. आणखी दोघे हजर असतात, पण निकालात त्यांचा वाटा नसतो. लेफ्टनंट कर्नल किंवा त्यावरच्या हुद्द्याचा कमान अधिकारी जवानाला एक वर्षापर्यंत कैद सुनावू शकतो. ऐन मोहिमेत ही तातडी समजण्यासारखी आहे. शांततेच्या ठाण्यात तिचा वापर क्वचितच व्हावा.

सैन्याबाहेरची देखरेख उशिरा आली. सैनिकांच्या सेवाविषयक तक्रारी आणि कोर्ट मार्शलवरील अपिले ऐकणाऱ्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा २००७ चा, आणि काम २००९ मध्ये सुरू झाले. मानवी हक्क आयोग लष्कराविरुद्धच्या तक्रारीत स्वतः तपास करू शकत नाही, केंद्र सरकारकडून अहवाल मागवतो. ही उणीव गंभीर आहे. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात रिट अर्ज करता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे कामठीच्या जवानाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडेही दाद मागता येते.