गोल्ड रश, द

अमेरिकन विनोदी मूकपट (१९२५). लेखन, दिग्दर्शन, निर्मिती व प्रमुख भूमिका चार्ली चॅप्लिन (१८८९–१९७७) यांची. छायालेखन रॉलंड टॉथरो यांचे. पहिला खेळ हॉलिवुडच्या इजिप्शियन थिएटरमध्ये २६ जून १९२५ रोजी झाला. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी १९१९ मध्ये काढलेल्या युनायटेड आर्टिस्ट्स या वितरणसंस्थेसाठी चॅप्लिन यांनी स्वतः नायक होऊन केलेला हा पहिलाच चित्रपट. निर्मितीखर्च सव्वानऊ लाख डॉलरच्या आसपास धरला जातो.

कॅनडाच्या क्लोंडाइक भागात सोने सापडल्यावर (१८९६) उत्तरेकडे लोटलेल्या गर्दीत एक भटक्या सामील होतो. हिमवादळात तो धिप्पाड बिग जिमसोबत (मॅक स्वेन) एका खोपटात अडकतो, पुढे नाचघरातल्या जॉर्जियावर (जॉर्जिया हेल) त्याचा जीव जडतो आणि शेवटी जिमच्या खाणीत वाटा मिळून तो कोट्यधीश होतो.

कल्पनेचा उगम : आत्मचरित्रात (१९६४) चॅप्लिन यांनी दोन गोष्टी सांगितल्या आहेत. फेअरबँक्स-पिकफर्ड दांपत्याच्या ‘पिकफेअर’ या घरी त्यांनी अलास्का-क्लोंडाइकची त्रिमितिदर्शक छायाचित्रे पाहिली. त्यांत क्लोंडाइकच्या वाटेवरची चिलकूट खिंड चढणाऱ्या माणसांची लांबलचक रांग होती. त्याच सुमारास डॉनर तांड्याविषयीचे एक पुस्तक त्यांच्या वाचनात आले. कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या स्थलांतरितांचा हा तांडा १८४६-४७ च्या हिवाळ्यात सिएरा नेव्हाडा पर्वतात बर्फात अडकला. ऐंशीहून अधिक माणसांपैकी निम्म्याच्या जवळपास दगावली. उरलेल्यांनी कातडी उकळून खाल्ली आणि काहींनी मेलेल्या सोबत्यांचे मांसही. छायाचित्रांची हकीकत अधिक प्रसिद्ध असली, तरी तिने चित्रपटाला फक्त स्थळ आणि पहिले दृश्य दिले असे दिसते. लक्षात राहणारे प्रसंग बहुतेक सगळे भुकेचे आहेत, आणि ते डॉनर तांड्याकडे बोट दाखवतात. खिंडीचे चित्रण १९२४ च्या वसंतात, सुमारे ६०० माणसे घेऊन, कॅलिफोर्नियातील ट्रकी गावाजवळ झाले. डॉनर खिंड तेथून हाकेच्या अंतरावर आहे. १८९६ मध्ये सात वर्षांच्या चॅप्लिन यांना लंडनच्या लॅम्बेथ येथील निराधारगृहात राहावे लागले होते. चरित्रकार त्याचाही धागा जोडतात. तो नाकारता येत नाही, मात्र त्यावर फार भार टाकणे बरे नव्हे.

बुटाचे जेवण : दोघांकडे अन्नाचा कण नाही, म्हणून भटक्या आपला एक बूट शिजवतो. बुटाच्या दोन फाका करून तो तळवा जिमपुढे ठेवतो. जिम मुकाट्याने ताटल्या बदलून वरचे कातडे आपल्याकडे घेतो. मग भटक्या काट्यावर नाडी शेवयांसारखी गुंडाळतो, खिळे कोंबडीच्या हाडांसारखे चोखतो. तो कुठेही वेडेवाकडे तोंड करत नाही; मेजवानीला बसल्यासारखा नीटनेटका जेवतो. उपासमारीवर हसू येते ते या रीतभातीमुळे, आणि ती कोणत्याही भाषेच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागत नाही. बूट ज्येष्ठमधाचा होता. दृश्याची ६३ चित्रणे झाली असे सांगतात. उघड्या पडलेल्या पायाला गुंडाळलेले फडके मात्र चित्रपटात पुढेही टिकते आणि एकदा पेटही घेते. विनोदाची अशी बांधीव उतरंड त्या काळच्या धावपळीच्या विनोदपटांत क्वचितच दिसते.

भुकेने भ्रमलेल्या जिमला भटक्या कोंबडा दिसू लागतो, ते रूपांतर कॅमेऱ्यातच फिल्म मागे गुंडाळून दुहेरी छापाने साधले आहे. कोंबड्याच्या वेषातही चॅप्लिनच आहेत. कड्यावर झुलणाऱ्या खोपटासाठी लहान प्रतिकृती आणि पूर्णाकृती नेपथ्य यांची सांगड घातली होती. स्टुडिओतल्या बर्फाळ डोंगरासाठी सुमारे २०० टन प्लॅस्टर, २८५ टन मीठ आणि १०० पिंपे पीठ लागल्याची नोंद आहे.

पावांचा नाच : काट्यांवर खोचलेले दोन पाव पायांसारखे नाचवण्याची क्लृप्ती चॅप्लिन यांची नाही. विनोदी नट रॉस्को आर्बकल यांनी ती १९१७ च्या एका लघुपटात केली होती. तेथे ती जाता जाता येऊन जाते. येथे नववर्षाच्या पूर्वसंध्येला जेवायला बोलावलेल्या जॉर्जियाची व तिच्या मैत्रिणींची वाट पाहत डोळा लागलेल्या भटक्याच्या स्वप्नात ती येते, आणि पाहुण्या आलेल्याच नसतात. हा तुकडा सुटा दाखवण्याची पद्धत रूढ आहे. त्यात स्वप्न गळते आणि केवळ हातचलाखी उरते. बर्लिनमध्ये प्रेक्षकांच्या आग्रहाखातर रीळ मागे फिरवून तो पुन्हा दाखवल्याची आख्यायिका आहे.

दोन पाठ : १९४२ मध्ये चॅप्लिन यांनी चित्रपट पुन्हा प्रदर्शित केला. मधल्या मजकुराच्या पाट्या काढून स्वतःच्या आवाजात निवेदन घातले, संगीत जोडले आणि काही दृश्ये कापली. मूळ पाठात जॉर्जियाची माफीची चिठ्ठी तिच्या मागे असलेल्या जॅकसाठी असते. तो ती थट्टेने भटक्याकडे पोचवतो. नव्या पाठात ती थेट भटक्यालाच लिहिलेली आहे. शेवटचे चुंबनही गाळले आहे. मूळ सुमारे ९५ मिनिटांचा चित्रपट ७२ मिनिटांवर आला. पाट्या व दृश्ये गेली हे एक कारण. दुसरे म्हणजे कमी वेगाने टिपलेल्या चौकटी आता सेकंदाला २४ या बोलपटाच्या गतीने धावू लागल्या. आधीच्या वेगात बुटाचे जेवण सावकाश चालते, आणि त्या सावकाशीतच त्याची गंमत आहे. शिवाय निवेदन, कितीही मिस्कील असले तरी, डोळ्यांना दिसत असलेलेच पुन्हा सांगते. चॅप्लिन यांची पसंती १९४२ च्या पाठाला होती. अभ्यासकांचा कल मात्र मूळ पाठाकडे झुकला आहे व तो रास्त वाटतो.

मूळ पाठाच्या हक्कांचे अमेरिकेत १९५३ मध्ये नूतनीकरण न झाल्याने त्याच्या बऱ्यावाईट प्रती सर्वत्र पसरल्या. चित्रपट-इतिहासकार केव्हिन ब्राउनलो व डेव्हिड गिल यांनी १९९३ मध्ये त्याची पुनर्रचना केली. शताब्दीनिमित्त मे २०२५ मध्ये कान महोत्सवात नव्याने दुरुस्त केलेली प्रत दाखवण्यात आली.

‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपटविषयक नियतकालिकाने १९५२ मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या मतगणनेत हा चित्रपट चॅप्लिन यांच्याच ‘सिटी लाइट्स’सोबत संयुक्तपणे दुसरा होता, तर ब्रुसेल्स येथील १९५८ च्या सर्वोत्तम चित्रपटांच्या यादीत ‘बॅटलशिप पोटेम्किन’च्या खालोखाल. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.