बुजऱ्या मुलांची मैत्री उशिरा का जमते?

बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठात पहिल्या वर्षाला आलेल्या १३२ विद्यार्थ्यांच्या नातेसंबंधांचा मागोवा येन्स आसेनडॉर्फ या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने दीड वर्ष घेतला. कोणाशी ओळख झाली, कोणाशी खटके उडाले, कोण प्रेमात पडलं, हे सगळं ठरावीक काळाने विचारलं जाई. काहींनी तर आपल्या भेटीगाठींची रोजनिशीच ठेवली. १९९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बुजऱ्या मुलांचंही मित्रमंडळ वाढलं होतं, पण सावकाश. आणि नाती बदलत गेली तरी स्वभाव मात्र होता तसाच राहिला.

हा दुसरा निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे मूल हॉस्टेलला निघालं की घरचे बजावतात, "जरा मोकळं व्हायला शीक, म्हणजे मित्र होतील." जणू आधी स्वभाव बदलायचा आणि मगच मैत्री. बर्लिनच्या मुलांनी स्वभाव न बदलताच मित्र जोडले, फक्त त्यांना वेळ जास्त लागला.

बुजरेपणा म्हणजे एकलकोंडेपणा नव्हे. एकलकोंड्याला एकटं राहणंच आवडतं. बुजऱ्या मुलीला कट्ट्यावरच्या घोळक्यात जावंसं मनापासून वाटतं आणि त्याच वेळी धडधडही होते. या धडधडीची मुळं खोलवर आहेत. हार्वर्डच्या जेरोम केगन यांना चार महिन्यांच्या बाळांमध्ये साधारण पाचातलं एक बाळ असं आढळलं, की नवं काही दिसलं किंवा ऐकू आलं की ते हातपाय झाडून रडू लागतं. अशी बाळं पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक असते. वयाच्या दुसऱ्या वर्षी बुजऱ्या ठरलेल्या काही मुलांच्या मेंदूची तपासणी ती विशीत आल्यावर झाली. त्यांना अनोळखी चेहरे दाखवले, तेव्हा धोक्याची चाहूल घेणारा अमिग्डाला हा भाग इतरांपेक्षा जास्त सक्रिय झाला. हे संशोधन २००३ चं. म्हणजे मेंदूला खुपतो तो नवखेपणा, आणि एफवायच्या पहिल्या महिन्यात तर वर्ग, मेस, रूममेट सगळंच नवखं असतं.

त्यात मनाची आणखी एक चूक भर घालते. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांचं २०१८ चं संशोधन सांगतं, की पहिल्या गप्पांनंतर माणसं समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज कमी बांधतात. प्रत्यक्षात ती जास्त आवडलेली असतात. बुजऱ्यांमध्ये ही तफावत अधिक दिसली. येल विद्यापीठात पहिल्या वर्षाला एकत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज वर्षाचा बराच काळ टिकला. एकाच छताखाली राहून, रोज एकमेकांची तोंडं बघूनही!

मग मैत्री जमते कशी? १९७४ साली मॅडी सीगल यांनी अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या पोलीस प्रशिक्षणार्थींना त्यांचे जवळचे मित्र विचारले. तिथे खोल्या आणि वर्गातल्या जागा आडनावाच्या अक्षरक्रमाने दिल्या होत्या. मित्रही बरेचसे त्याच क्रमाने झाले होते. धर्म, छंद यांच्यापेक्षा आडनावाचं अक्षर भारी ठरलं. पुढे जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्या बैठकीत चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या गेल्या. वर्षभरानंतर पाहिलं, तर त्या दिवशी शेजारी बसलेल्यांमध्ये मैत्री अधिक घट्ट होती.

आपल्याकडे हे काम रोल नंबर करतो. आडनावाप्रमाणे रोल नंबर आणि रोल नंबरप्रमाणे प्रॅक्टिकलची बॅच. केमिस्ट्रीच्या टेबलावर एकीने ब्युरेटची तोटी सांभाळायची, दुसरीने फ्लास्क हलवत फिकट गुलाबी छटा कधी येते ते बघायचं. "थांब, आली!" "रीडिंग किती?" बुजऱ्या मुलीला इथे विषय शोधावा लागत नाही, तो टेबलावरच मांडलेला असतो. आणि पुढच्या आठवड्यात तोच चेहरा, तीच जागा. ज्या मेंदूला नवखेपणा खुपतो, त्याला हवी असते ती नेमकी हीच पुनरावृत्ती.

पण नुसतं शेजारी उभं राहणं पुरत नाही. कॅन्सास विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांच्या हिशेबाप्रमाणे नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास लागतात, जिवलग मैत्रीला २०० च्या वर. त्यातही वर्गात किंवा कामात गेलेल्या तासांपेक्षा मोकळ्या वेळातले तास महत्त्वाचे. प्रॅक्टिकलनंतर आठवड्याचे पाच दिवस रोज अर्धा तास चहाला सोबत गेलं, तरी ५० तासांना २० आठवडे लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये कॉलेज सुरू झालेलं असेल, तर दिवाळी मध्येच येऊन जाते. त्या सुट्टीत घरी आलेल्या मुलीला "अजून कोणी मैत्रीण नाही झाली?" असं विचारू नये, हिशेबाने अजून वेळ आहे.

मात्र भीतीपायी वर्गच टाळले जात असतील, मेसमध्ये जायचं नको म्हणून उपाशी राहणं होत असेल, तर तो नुसता बुजरेपणा नाही. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

कॉलेजांना मात्र एक सांगावंसं वाटतं. नव्या मुलांना स्टेजवर बोलावून माइक हातात देण्याने बोलकी मुलं खुलतात, बुजरी आणखी आक्रसतात. त्यापेक्षा बॅचेस लहान ठेवाव्यात, आणि सोयीसाठी म्हणून दुसऱ्या सेमिस्टरला त्या मोडून नव्याने पाडू नयेत. तोवर कोणाच्या तरी पन्नास तासांपैकी चाळीस भरलेले असतात.