‘शिन गॉडझिला’मधल्या बैठका आणि फुकुशिमाची फाईल

२९ जुलै २०१६ रोजी जपानमध्ये ‘शिन गॉडझिला’ प्रदर्शित झाला. राक्षसपट म्हणून पाहायला बसलेल्या प्रेक्षकाला पहिला बराच वेळ राक्षसापेक्षा बैठकाच जास्त दिसतात. टोकियोच्या खाडीत काहीतरी प्रचंड हालचाल सुरू असते आणि पंतप्रधानांसमोर तीन नामवंत प्राध्यापक आणून बसवलेले असतात. ठोस पुराव्याशिवाय काही सांगता येत नाही, यापलीकडे त्यांच्याकडून काही निघत नाही. पर्यावरण खात्यातली हिरोमी ओगाशिरा ही कनिष्ठ अधिकारी चित्रफितीतली हालचाल पाहून, हा प्राणी जमिनीवर येऊ शकतो, असं सांगते. तिचं म्हणणं कोणी मनावर घेत नाही. पंतप्रधान कॅमेऱ्यांपुढे उभे राहून, तो किनाऱ्यावर येण्याची भीती नाही, अशी ग्वाही देतात, आणि तेवढ्यात तो कामाता भागात शिरल्याची खबर येऊन थडकते.

चित्रपटगृहात इथे हशा पिकतो. पण मंत्र्यांच्या अंगातली आपत्तीकाळातली निळी जाकिटं जपानी प्रेक्षकाने पाच वर्षांपूर्वी, फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेच्या वेळी, टीव्हीवर रात्रंदिवस पाहिली होती. दिग्दर्शक हिदेआकी आन्नो आणि शिन्जी हिगुची यांनी सरकार संकटात कसं चालतं, याची बारकाईने माहिती काढली होती. २०११ मध्ये मुख्य कॅबिनेट सचिव असलेले युकिओ एदानो यांच्याशीही त्यासाठी बोलणं झालं होतं.

११ मार्च २०११ ला भूकंपानंतर फुकुशिमा दाइइची अणुप्रकल्पावर आलेली त्सुनामीची लाट सुमारे १४ ते १५ मीटर उंचीची होती. प्रकल्प उभारताना समुद्रालगतचा ३५ मीटर उंचीचा कडा कापून जमीन १० मीटरवर आणलेली होती. त्सुनामीची गृहीत धरलेली उंची सुरुवातीला ३.१ मीटर होती, ती पुढे ५.७ मीटर करण्यात आली. आणीबाणीसाठी ठेवलेली बहुतेक डिझेल जनित्रं तळघरात होती. पाणी आत शिरलं, वीज गेली आणि तीन अणुभट्ट्यांचा गाभा वितळला.

एवढी मोठी लाट कोणाच्या ध्यानीमनी नव्हती, असं पुढे अनेकदा सांगितलं गेलं. कागदपत्रं वेगळं सांगतात. इ.स. ८६९ च्या जोगान भूकंपात समुद्र ईशान्य जपानमधल्या सेंदाईच्या मैदानात कित्येक किलोमीटर आत घुसला होता. त्या लाटेने टाकलेला वाळूचा थर भूवैज्ञानिकांनी शेतजमिनी खणून शोधून काढला होता. जून २००९ मध्ये भूवैज्ञानिक युकिनोबू ओकामुरा यांनी सरकारी समितीच्या बैठकीत, या भूकंपाचा विचार का केला नाही, असा थेट प्रश्न विचारला. त्याच्या आदल्याच वर्षी, २००८ मध्ये, प्रकल्प चालवणाऱ्या टेपको कंपनीच्या अंतर्गत गणितात १५.७ मीटर हा आकडा निघाला होता. त्यावर भिंत उंच झाली नाही, जनित्रं वर हलली नाहीत. प्रश्न आणखी अभ्यासासाठी स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेकडे पाठवायचं ठरलं. नियामक यंत्रणेपुढे तो आकडा आला ७ मार्च २०११ रोजी, लाटेच्या फक्त चार दिवस आधी.

२०१२ मध्ये जपानी संसदेने नेमलेल्या स्वतंत्र चौकशी आयोगाने या अपघाताला मानवनिर्मित ठरवलं. फौजदारी न्यायालयाने मात्र २०१९ मध्ये कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांना निर्दोष सोडलं. ते कायद्याच्या कसोटीवर झालं असेल, पण १५.७ हा आकडा फाईलमध्ये होता, ही गोष्ट त्याने पुसली जात नाही.

म्हणून ‘शिन गॉडझिला’च्या उपहासाला अतिशयोक्ती म्हणणं मला पटत नाही. सगळ्यात हास्यास्पद वाटणारे प्रसंगच नोंदींच्या सगळ्यात जवळ जातात. स्टॅन्ली कुब्रिकला हा अनुभव साठ वर्षांपूर्वी आला होता. अण्वस्त्रयुद्धावरच्या एका गंभीर कादंबरीवरून तो गंभीरच पटकथा लिहायला बसला होता, पण त्यातली खरी धोरणंच हसू आणायला लागली, आणि १९६४ चा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ विनोदी झाला.

खुद्द गॉडझिलाचा जन्मही अशाच एका चुकलेल्या गणितातून झाला. १ मार्च १९५४ च्या बिकिनी बेटावरच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीत स्फोट अपेक्षेच्या सुमारे अडीचपट मोठा निघाला आणि २३ जपानी मच्छीमारांवर किरणोत्सारी राख पडली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिला ‘गॉडझिला’ आला. त्या वेळी दोष परक्यांच्या बॉम्बचा होता. २०१६ मध्ये बोट जपानच्या स्वतःच्याच सचिवालयाकडे वळलं.

२०२१ चा अमेरिकन ‘डोन्ट लूक अप’ आपल्याकडे जास्त लोकांनी पाहिला. त्यातला पृथ्वीवर आदळायला निघालेला धूमकेतू हे हवामानबदलाचं रूपक आहे. हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सन यांनी जून १९८८ मध्ये अमेरिकी सिनेटसमोर, तापमानवाढ सुरू झाली आहे, अशी साक्ष दिली, तिथपासूनची सगळी चालढकल त्या कथेत मावते. चित्रपटातला संताप खरा आहे. तरी मला जपानी चित्रपट जास्त झोंबतो, कारण त्यामागे दुर्लक्षाची तारीख आहे आणि मीटरमधली उंचीही.

एक गोष्ट या चित्रपटांत कुठेच येत नाही. त्याच किनाऱ्यावर, भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षा जवळ, ओनागावाचा अणुप्रकल्प आहे. तो बांधताना तोहोकू इलेक्ट्रिकचे अभियंते यानोसुके हिराई जोगानच्या त्सुनामीचा दाखला देऊन अडून बसले. जमीन १४.८ मीटर उंचीवर हवी, असा त्यांचा हट्ट होता, आणि तो मान्य झाला. २०११ मध्ये भूकंपाने तिथली जमीन सुमारे एक मीटर खचली, १३ मीटरची लाट आली, आणि प्रकल्प तगला. घरं वाहून गेलेल्या शेकडो गावकऱ्यांनी प्रकल्पाच्याच व्यायामशाळेत आसरा घेतला. हिराई १९८६ मध्येच गेले होते.