राधानगरीचे दरवाजे कुणी ‘उघडत’ नाही

पंचगंगा वाढली की कोल्हापुरात हमखास बोललं जातं, ‘इंजिनिअरांनी राधानगरीचे दरवाजे उघडले, म्हणून पूर आला.’ हे चूक आहे. धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी पूर्ण संचय पातळीला पोहोचलं की ते दाबानं एकेक करून उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. कुणाच्या हुकुमाची त्यांना गरज लागत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट) पाणी जातं, म्हणजे सातही उघडले तर सुमारे 10 हजार. शिवाय हे धरण ज्या भोगावतीवर आहे, ती पंचगंगेची फक्त एक उपनदी. कासारी, कुंभी, तुळशी यांचं पाणी वेगळंच.

तज्ज्ञांचा खरा निर्णय त्याआधीचा असतो: धरण भरत असताना वीजगृहातून किती सोडायचं? जास्त सोडलं आणि पाऊस थांबला, तर उन्हाळ्यात ऊस वाळतो. कमी सोडलं, तर दरवाजे लवकर उघडतात. यातला हिशेब इंजिनिअर मांडतील, पण कोणता धोका पत्करायचा हे एकट्या इंजिनिअरनं ठरवू नये. जाब विचारायचा तर या निर्णयाचा विचारा. आणि कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याची पातळी 39 फूट म्हणजे इशारा, 43 फूट म्हणजे धोका, हे आकडे घरात लिहून ठेवा.