ज्याच्या जन्मदिवशी आइसलँड भाषादिन पाळतो

दरवर्षी १६ नोव्हेंबरला आइसलँडमध्ये भाषादिन असतो. १९९६ पासूनची ही प्रथा. तारीख ज्याच्या जन्माची, तो कवी योनास हाल्ग्रिमसन सदतिसाव्या वर्षीच गेला. हयातीत त्याचा एकही कवितासंग्रह निघाला नाही. १८४२ मध्ये त्याचं एक पुस्तक छापून आलं, ते खगोलशास्त्राचं, आणि तेही भाषांतर. तरी भाषादिनाचा मान त्यालाच का, हे समजायला त्याच्या कवितांइतकंच या भाषांतराकडे पाहावं लागतं असं मला वाटतं.

(हाल्ग्रिमसन हे आडनाव नव्हे. ‘हाल्ग्रिमुरचा मुलगा’ एवढाच त्याचा अर्थ. आइसलँडमध्ये थोरामोठ्यांनाही पहिल्या नावानंच ओळखतात, म्हणून इथेही योनासच.)

तो जन्मला १८०७ मध्ये, उत्तरेकडच्या एका खोऱ्यातल्या ह्रॉइन नावाच्या शेतवाडीवर. देश तेव्हा डेन्मार्कच्या राजाचा. १७८३ मध्ये लाकी ज्वालामुखीच्या भेगांतून लाव्हा उसळला, विषारी वायूंनी गुरं मेली आणि मागोमाग आलेल्या दुष्काळात सुमारे एक-पंचमांश माणसं गेली. १८०१ च्या शिरगणतीत सबंध देशात जेमतेम सत्तेचाळीस हजार लोक भरले. त्याच्या आदल्याच वर्षी, इ. स. ९३० पासून चालत आलेली आल्थिंग ही लोकसभा राजाज्ञेनं बंद झाली होती. वरच्या कारभाराची भाषा डॅनिश. रेक्याविकच्या व्यापाऱ्यांच्या तोंडीही तिचीच भेसळ. जुन्या सागांची, म्हणजे मध्ययुगीन गद्यकथांची, भाषा शाबूत होती ती शेतवाड्यांवर.

योनासचे वडील साहाय्यक धर्मगुरू होते. १८१६ मध्ये घराजवळच्या डोंगरातल्या तळ्यात ते बुडाले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. पुढे बेसास्तादिरच्या शाळेत त्याला स्वेनब्यॉर्न एगिलसन हे शिक्षक लाभले. होमर आइसलँडिक गद्यात आणणारा हा माणूस. योनासच्या वाक्यांतला नितळपणा बराचसा या शाळेतून आला असावा.

१८३२ मध्ये तो कोपनहेगनला गेला, कायदा शिकायला. त्यात मन रमलं नाही. तो निसर्गविज्ञानाकडे वळला. तीन मित्रांबरोबर त्यानं ‘फ्योल्निर’ हे वार्षिक काढलं. १८३५ च्या पहिल्या अंकात त्याची ‘आइसलँड’ ही कविता आली. तुझं जुनं वैभव, तुझं स्वातंत्र्य कुठे गेलं, असं ती मातृभूमीलाच विचारते. शाळकरी मुलांना ती आजही ठाऊक असते. पुढच्याच वर्षी याच मंडळींनी पोहण्याचे नियम सांगणारी पुस्तिका भाषांतरून छापली. मासेमारीवर जगणाऱ्या त्या देशात पोहता येणारी माणसं मोजकीच होती. बुडालेल्या बापाच्या मुलानं त्यात हात घालावा, याचं मला नवल वाटत नाही.

१८३७ मध्ये त्यानं मोठं भांडण ओढवून घेतलं. रीमूर म्हणजे लांबलचक कथाकाव्यं. हिवाळ्याच्या रात्री लोकर विंचरता विंचरता घरोघर ती ऐकली जात. त्या काळचा सर्वांत लाडका रीमूरकार होता सिगुर्दुर ब्रेदफ्योर्द. त्याच्या एका रचनेची योनासनं अशी चिरफाड केली, की सुशिक्षितांत हा प्रकारच बदनाम झाला. परीक्षण बुद्धिमान आहे, पण निष्ठुरही आहे. ब्रेदफ्योर्द पुढे गरिबीत मेला. लोकांनी मात्र रीमूर गाणं सोडलं नाही.

मोडलं तसं त्यानं रचलंही. सुनीत, इटालियन त्रिपदी असे परके साचे त्यानं भाषेत आणले, पण प्रत्येक ओळीत जुन्या आइसलँडिक काव्याचा अनुप्रास पाळला. घाट बाहेरचा, ठेका घरचा. १८४२ च्या खगोलशास्त्रातही त्यानं हेच केलं. मूळ डॅनिश पुस्तकातले लॅटिन शब्द तसेच न ठेवता त्यानं घरच्याच धातूंतून नवे पाडले. गुरुत्वाकर्षणासाठी ‘अद्द्राउतरआब्ल’, म्हणजे आपल्याकडे ओढणारं बळ. प्रकाश ज्यातून वाहतो असं तेव्हा मानत त्या ईथरला ‘ल्योसवाकी’, उजेडाला जागवणारा. ईथरची कल्पना विज्ञानानं टाकून दिली, शब्द मात्र उरला. रेडिओ-टीव्हीसारख्या प्रसारमाध्यमांना आज त्याच शब्दावरून नाव आहे. पेंग्विनला चरबीचा हंस म्हणणारा ‘म्योर्गाइस’ हा शब्दही त्याच्याच नावावर सांगतात. हे शब्द त्यानं घडवले हे कुणाच्या ध्यानातही येत नाही, इतके ते रुळले.

कथाकार म्हणून त्याचं लेखन थोडं. ‘ग्रासाफेर्द’ या गोष्टीत एकत्र वाढलेली दोन मुलं डोंगरावर खाण्याचं दगडफूल गोळा करायला जातात आणि वाटेत कवितेवर बोलत बसतात. घडत काहीच नाही. तरीही हीच पहिली आधुनिक आइसलँडिक लघुकथा मानतात. ती छापून आली त्याच्या मृत्यूनंतर, १८४७ मध्ये. कविताही त्याच वर्षी मित्रांनी पुस्तकरूपानं काढल्या.

१८३९ ते १८४२ तो देशभर घोड्यावरून हिंडला. दगड, ज्वालामुखी, पक्षी यांच्या नोंदी करत आइसलँडचं समग्र वर्णन लिहायचा त्याचा बेत होता. त्यात तब्येत खचली, दारूही होतीच. ग्रंथ पुरा झाला नाही. याच भटक्या माणसानं ‘फेर्दालोक’ (प्रवासाचा शेवट) ही प्रेमकविता लिहिली. ती उघडते जन्मगावावरच्या ह्रॉइनड्रांगी सुळक्यावर ढगाआड गेलेल्या प्रेमाच्या ताऱ्यापाशी. त्यातला नायक नदीकाठी प्रेयसीचे केस विंचरतो. ही तरुणपणी काही दिवस वाटेत सोबत असलेली एका धर्मगुरूची मुलगी, असं परंपरा सांगते.

मे १८४५ मध्ये कोपनहेगनच्या आपल्या खोलीकडे जाणाऱ्या जिन्यावर रात्री त्याचा पाय घसरला आणि मोडला. तो कसाबसा खोलीत जाऊन अंगावरच्या कपड्यांतच सकाळपर्यंत पडून राहिला. हाक का मारली नाहीस, यावर त्याचं उत्तर मित्रानं नोंदवलंय: आपण जगणार नाही हे कळलं होतं, मग रात्री कुणाची झोप कशाला मोडा? २६ मे रोजी रुग्णालयात तो गेला. पुनरुज्जीवित आल्थिंगची पहिली बैठक जुलैत भरली. तीही रेक्याविकला, त्याला हवी होती तशी थिंगवेट्लिरच्या जुन्या जागी नाही.

थिंगवेट्लिरला तो पोहोचला शंभर वर्षांनी. १९४४ मध्ये प्रजासत्ताक झालेल्या देशानं १९४६ मध्ये कोपनहेगनहून त्याच्या अस्थी आणल्या. त्याच्या खोऱ्यातच त्या पुरल्या जाव्यात म्हणून एका कारखानदारानं पेटी परस्पर उत्तरेला नेली. ती परत आणून सरकारनं १६ नोव्हेंबरला थिंगवेट्लिरच्या राष्ट्रीय दफनभूमीत दफन केलं. हाडं त्याचीच का, ही शंका आजही काढली जाते. दोनच वर्षांनी हाल्दोर लाक्सनेस यांनी एका कादंबरीत या अस्थिप्रकरणाची यथेच्छ टर उडवली.

२०१३ पासून दहा हजार क्रोनांच्या नोटेवर योनास आहे, सोबत लोआ हा सोनेरी ठिपक्यांचा पक्षी. वसंताची वर्दी देणारा म्हणून तो सगळ्यांचा लाडका. लोआवरची त्याची कविता मुलं चालीवर गातात. पक्षीण पहाटे उठून आनंदानं गाते आणि पिलांसाठी दाणापाणी गोळा करून घरट्याकडे परतते. अर्ध्या तासापूर्वीच डोमकावळ्यानं सगळी पिलं खाल्लेली असतात.